परदेशी नोकरी आणि आपल्या कामाचा कागद



मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. आठवड्यातले चार-पाच दिवस कुठल्या ना कुठल्या गावात बैठक असते. हप्त्याचं बोलणं झालं, वहीवर सह्या झाल्या, चहा आला, की हल्ली कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, ते जर्मनीचं खरं आहे का हो?" विचारणारीची मुलगी नर्स असते, नाहीतर मुलगा आयटीआय झालेला असतो. कधी कधी विचारणारी स्वतःसाठीच विचारत असते, फक्त तसं म्हणत नाही. म्हणून आज याच विषयावर बोलू या. परदेशात कुशल कामगार म्हणून जायचं असेल, तर आपल्याला काम येतं हे सिद्ध कसं करायचं?

आधी खरं काय ते सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठवायचं ठरलं. त्यात परिचारिका, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देण्याचं जाहीर केलं. म्हणजे तिकडे माणसं हवी आहेत, हे खरं आहे. पण 'माणसं हवीत' याचा अर्थ 'कुणीही या' असा होत नाही. हवी आहेत ती कुशल माणसं. आणि कुशल कोण, हे ते आपल्या सांगण्यावर ठरवत नाहीत, कागदावर ठरवतात.

आपल्या बायकांची अडचण नेमकी इथेच आहे. हाताला काम येतं. दहा-दहा वर्षं केलेलं असतं. पण त्याचा कागद नसतो.

व्हिसासाठी साधारण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, तुम्ही काय शिकलात. दोन, तुम्ही कुठे, किती काळ, काय काम केलंत. तीन, तिथली भाषा तुम्हाला येते का. प्रत्येक देश यातल्या कशाला जास्त वजन देतो, ते वेगळं असतं.

जर्मनीचं उदाहरण घेऊ. तिथे आपल्या प्रमाणपत्राची त्यांच्या प्रमाणपत्राशी तुलना करतात. याला मान्यता प्रक्रिया म्हणायचं. तुमच्या कोर्समध्ये कोणते विषय होते, थिअरी किती तास, प्रात्यक्षिक किती तास, हे सगळं ते त्यांच्या कोर्सशेजारी ठेवून बघतात. मग तीनपैकी एक उत्तर येतं. पूर्ण जुळतं, काही भाग जुळतो, किंवा जुळत नाही. 'काही भाग जुळतो' असं उत्तर आलं की घाबरायचं नाही. ते उत्तर पुष्कळांना येतं. त्या पत्रात काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं. नर्सला मग तिथे जाऊन काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण करता येतं किंवा परीक्षा देता येते. ते पूर्ण होईपर्यंत ती सहायक म्हणून पगारावर काम करू शकते.

आता यातली मेख बघा. नुसतं गुणपत्रक पाठवून ही तुलना होत नाही. विषय आणि तास लिहिलेलं पत्रक लागतं. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींनी हे पत्रक आपल्या कॉलेजकडून, मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून मागून घ्यायचं असतं. ते आपोआप मिळत नाही. कॉलेज बंद पडलं, क्लार्क बदलला, की मग हेलपाटे. म्हणून शिक्षण संपताच ते घेऊन ठेवा. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवा. लग्न झालं, बाळ झालं, नोकरी सुटली, म्हणून नूतनीकरण सोडायचं नाही.

आणि इथे अनुभवाचा दाखला उपयोगी पडतो. शिक्षणात जे कमी पडलेलं असतं, ते प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाने काही प्रमाणात भरून निघू शकतं. पण तो अनुभव कागदावर असेल तरच.

आयटीआयवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मार्च २०२४ पासून जर्मनीने एक सोपी वाट काढली आहे. मालकाशी करार करून आधी तिथे जायचं आणि मान्यतेचं काम तिथे गेल्यावर पूर्ण करायचं. पण त्यासाठी आपल्याकडचा कोर्स सरकारमान्य आणि कमीत कमी दोन वर्षांचा असावा लागतो, आणि जर्मन भाषेची ए-टू पातळी लागते. दुसरी एक वाट अनुभवाची आहे. त्यात नर्ससारखे नोंदणी लागणारे व्यवसाय येत नाहीत. तिथेही दोन वर्षांचा कोर्स हवा, शिवाय गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक रकमेच्या वर पगार हवा.

आता आपल्या मुली आयटीआयला काय घेतात? शिवणकाम, ब्यूटी पार्लरचा कोर्स, नाहीतर कॉम्प्युटरचा कोपा. हे सगळे एक वर्षाचे. मुलं काय घेतात? इलेक्ट्रिशियन, फिटर. हे दोन वर्षांचे. म्हणजे "मुलीच्या जातीला हेच बरं" असं म्हणून आपण फॉर्म भरतो, तेव्हाच तिच्यासाठी एक दार बंद होतं, आणि ते आपल्याला दहा वर्षांनी कळतं. शिवणकाम वाईट नाही. मी स्वतः शिवणकामाचे कितीतरी गट उभे केलेत. पण मुलीला यंत्रात, वायरिंगमध्ये गोडी असेल, तर इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे कोर्स मुलींनाही खुले आहेत. जूनमध्ये फॉर्म भरताना हे लक्षात असू द्या.

आरसेटीचं किंवा कौशल्य विकासाचं महिना-दोन महिन्यांचं प्रशिक्षण आपण करतो. ते धंद्यासाठी, बँकेच्या कर्जासाठी चांगलं. पण त्या प्रमाणपत्रावर दोन वर्षांच्या कोर्सची जागा भरून निघत नाही. कुणी एजंट तसं सांगत असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

जपानची रीत वेगळी आहे. तिथे 'विशिष्ट कुशल कामगार' नावाचा व्हिसा २०१९ पासून आहे आणि भारताचा जपानशी त्याबाबत जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. यात तुमची पदवी किती मोठी, हे मुख्य नाही. वय १८ पूर्ण हवं, त्या कामाची परीक्षा पास हवी आणि जपानी भाषेची परीक्षा पास हवी. वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी त्या कामातल्या जपानी भाषेची आणखी एक परीक्षा असते. पहिल्या प्रकारच्या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं, पण नवरा-मुलांना बरोबर नेता येत नाही. लहान मूल असलेल्या बाईने हे आधीच घरात बोलून घ्यावं. पण बारावी झालेली, सासू-सासऱ्यांचं आजारपण काढलेली, कष्टाला न घाबरणारी मुलगी भाषा शिकायला तयार असेल, तर तिच्यासाठी ही वाट आहे. तिथे तिची परीक्षाच तिचा कागद होते.

ऑस्ट्रेलियासारखा देश तर अनुभवाचे पुरावे फार बारकाईने तपासतो. नुसतं मालकाचं पत्र त्यांना पुरत नाही. पगाराच्या पावत्या, बँकेचं खातं, पीएफ, आयकराचे कागद, यातून पगार खरंच मिळत होता का, ते बघतात.

आता आपल्या घरातल्या दोन अडचणी. पहिली नावाची.

आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि कुठे कुठे तर पाहिलं नावसुद्धा तांदळात लिहून बदलतात. दहावीच्या गुणपत्रकावर एक बाई, आधार कार्डावर दुसरी, बँकेत तिसरी. आपल्याला ठाऊक असतं की या तिघी एकच आहेत. परदेशातल्या अधिकाऱ्याला कसं कळणार? त्याच्या दृष्टीने परीक्षा एकीने दिली आणि अर्ज दुसरीने केला.

यावर उपाय आहेत. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवता येतं. लग्न ठरलेल्या आणि शिकलेल्या मुलींनी याचा विचार जरूर करावा. सासरी प्रेमाने कोणत्याही नावाने हाक मारू देत, कागदावर एकच नाव ठेवा. नाव आधीच बदललेलं असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र घ्या. ते गावात ग्रामपंचायतीत मिळतं. पाहिलं नाव बदललं असेल, तर शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये नावबदल छापून घ्या. आणि स्पेलिंग तपासा. एका कागदावर 'सुरेखा'त एक अक्षर जास्त, दुसऱ्यावर कमी, एवढ्यावरूनही अर्ज अडतो. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून आणि जन्मदाखल्यावरची तारीख जुळते का, ते बघा.

दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. आमच्या एका गटातल्या ताईंची सून जीएनएम झालेली. एका खाजगी दवाखान्यात सहा वर्षं काम केलं. रात्रपाळ्या केल्या, ऑपरेशन थिएटर सांभाळलं, नव्या मुलींना सलाइन लावायला तिनेच शिकवलं. पगार रोख, पाकिटात. पीएफ नाही, नेमणूकपत्र नाही. जर्मनीच्या कामासाठी दाखला मागितला, तर दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. 'सदर महिला आमच्याकडे कामास होत्या. वर्तणूक समाधानकारक.' त्यात तारीख नाही, पद नाही, काम काय केलं ते नाही. सहा वर्षांच्या कष्टाचं एवढंच.

तिने परत मागितला. "तू गेलीस तर रात्रपाळी कोण करणार?" असं ऐकायला मिळालं. पाच-सहा हेलपाटे झाले. शेवटी गटाच्या अध्यक्षा आणि सचिव तिच्याबरोबर गेल्या. भांडल्या नाहीत. आम्ही दाखल्याचा मसुदा नीट टाइप करून दिला होता, तो पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, यातलं काही खोटं असेल तर खोडा. खरं असेल तर सही करा." डॉक्टरांनी वाचलं. एक तारीख दुरुस्त केली आणि सही-शिक्का दिला. पण तोपर्यंत पाच महिने गेले होते आणि तिच्याबरोबरच्या मुलींची भाषेची तुकडी पुढे निघून गेली होती. ती आता पुढच्या तुकडीत शिकते आहे. सासू सकाळी नातवाला सांभाळते, तेव्हा ती अभ्यासाला बसते.

त्या मसुद्यात काय होतं, ते सावकाश सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या. दाखला लेटरहेडवर हवा. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव. पद काय होतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. काम पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याला किती तास. पगार किती. मग सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्यक्ष काय काय काम केलं. नर्सने कोणत्या वॉर्डात, किती खाटा, कोणत्या प्रकारचे रुग्ण, हे लिहून घ्यावं. इलेक्ट्रिशियनने कोणती वायरिंग, कोणती यंत्रं. स्वयंपाकघरात काम केलेल्या बाईने रोज किती माणसांचा स्वयंपाक, कोणते पदार्थ, साठ्याचा हिशोब कोण बघायचं, हे सगळं. शेवटी सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन नंबर, शिक्का आणि तारीख. आपण 'पडेल ते काम' केलं म्हणतो. कागदावर 'पडेल ते काम' चालत नाही. प्रत्येक काम नावाने लिहावं लागतं.

दाखला नोकरी सोडण्याच्या दिवशीच घ्या. मालक चार वर्षांनी कुठे असेल, सांगता येत नाही. आणि पगार बँकेत जमा करा म्हणून सुरुवातीलाच सांगा. महिन्याची ती एक नोंद पुढे पुरावा होते. पीएफ कापला जात असेल, तर "हातात कमी येतात" म्हणून कुरकुर करू नका. पीएफचं पासबुक म्हणजे तुम्ही तिथे इतके महिने होतात, याचा सरकारी पुरावा.

ज्या स्वतःचा धंदा करतात, त्यांना दाखला कोण देणार? तुमचा तुम्हीच तयार करायचा. उद्यम नोंदणी करा. ती फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बिलाचं पुस्तक ठेवा, शाळेचे गणवेश शिवले तर शाळेकडून ऑर्डरचं पत्र घ्या, पैसे खात्यावर घ्या. केलेल्या कामाचे फोटो तारखेसह ठेवा. परदेशी नाही गेलात, तरी हेच कागद मुद्रा कर्जाला लागतात आणि विश्वकर्मा योजनेसारख्या ठिकाणी तुमचा धंदा दाखवायला उपयोगी पडतात. म्हणजे कष्ट वाया जात नाहीत.

आता पैशांचं. या विषयात फसवणूक फार आहे, म्हणून स्पष्ट सांगते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. त्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल, तर त्याचा ऑफिसातला एसी आणि भिंतीवरचे विमानाचे फोटो बघून भुलू नका. नोंदलेल्या एजंटलासुद्धा ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत आणा.

कुणी 'अपोस्टिल'चे पैसे मागेल. ते म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा कागद खरा असल्याचा शिक्का. काही देशांना तो लागतो. पण भारतीय कागदांवरचा हा शिक्का जर्मनी मानत नाही. म्हणून सगळ्या कागदांवर शिक्के मारून घेण्याआधी, त्या देशाला काय हवं ते त्यांच्या अधिकृत यादीत बघा. जर्मन सरकारचं 'मेक इट इन जर्मनी' नावाचं संकेतस्थळ आहे. गावात इंग्रजी वाचणारी एखादी तरी कॉलेजची मुलगी असते. तिला बरोबर घेऊन बसा.

आणि बनावट दाखल्याच्या वाटेला जाऊ नका. "दोन वर्षांचा अनुभव लावून देतो" म्हणणारे भेटतात. दाखल्यावरच्या नंबरला फोन जातो, कागद तपासले जातात. खोटं निघालं की व्हिसा नाकारला जातोच, आणि ती नोंद पुढच्या अर्जाच्याही आड येते. ज्या बाईला खरंच काम येतं, तिने खोट्या कागदामुळे बाद व्हावं, यासारखं दुःख नाही.

भाषेबद्दल एकच सांगते. नर्सला जर्मनीत पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळी लागते. ते दोन-तीन महिन्यांचं काम नाही. वर्ष-सव्वा वर्षाची रोजची मेहनत आहे. गोएथे इन्स्टिट्यूट म्हणजे पुण्या-मुंबईचं मॅक्सम्युलर भवन, तिथल्या परीक्षा मानल्या जातात. "तीन महिन्यांत जर्मनी" अशी पाटी दिसली, तर हे आठवा.

मैत्रिणींनो, बचत गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि पाचवं, नियमित लेखे. दहा रुपयांचा दंड घेतला, तरी आपण वहीत लिहितो. त्या वह्यांच्या जोरावर बँक आपल्याला लाखांचं कर्ज देते. ज्या बायकांना बँकेत कुणी उभं करत नव्हतं, त्यांना वहीने उभं केलं. मग आपल्या स्वतःच्या कामाची वही का नसावी? गटाच्या पैशांचा हिशोब चोख, आणि स्वतःच्या दहा वर्षांच्या कामाचा एक चिटोरा नाही, हे आता बदलू या.

म्हणून पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने एक फाइल आणा. त्यात दहावी-बारावीची गुणपत्रकं, जन्मदाखला, आधार, पासपोर्ट असेल तर तो, विवाह नोंदणी, झालेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं आणि कामाचे दाखले. सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख एकमेकींनी तपासा. जिथे जुळत नाही, तिथे पेन्सिलने खूण करा. जिचा दाखला अडला असेल, तिच्याबरोबर दोघींनी जायचं. एकटी गेली की हेलपाटे होतात, तिघी गेल्या की सही होते.

जर्मनीला, जपानला प्रत्येकीला जायचं नाही. कुणाला तालुक्यालाच बरी नोकरी हवी आहे, कुणाला धंदा वाढवायचा आहे. पण तुम्ही जे काम करता ते कौशल्याचं आहे, हे जगाला सांगायच्या आधी ते कागदावर आलं पाहिजे. फाइल आजच काढा. कपाटात, गाद्यांच्या खाली, पत्र्याच्या पेटीत, जिथे कुठे कागद पडले असतील तिथून काढा आणि एका जागी लावा.